मदत हवी आहे: डासांसाठी सिट्रोनेला तेल, पण असर टिकत नाही

नमस्कार मंडळी. घरात दोन वर्षांची मुलगी आहे आणि संध्याकाळ झाली की डास तिला फोडून काढतात. रासायनिक मलम रोज लावायला मन धजत नाही, म्हणून सिट्रोनेलाचं (गवती चहासारख्या एका सुगंधी गवताचं) तेल खोबरेल तेलात मिसळून मी स्वतःच्या हातापायांना लावून पाहिलं. सुरुवातीला डास फिरकत नाहीत, पण तासाभरात पुन्हा चावायला लागतात. ही तेलं पटकन उडून जातात, त्यामुळे असर ओसरतो हे समजतं. व्हॅनिलिन (व्हॅनिलाला वास देणारा पदार्थ) मिसळलं तर वास जास्त वेळ टिकतो असं वाचलंय. कोणी घरी करून पाहिलंय का? प्रमाण किती घेतलंत?

दुसरं, लिंबाच्या वासाच्या निलगिरीबद्दल. त्यातला डासांना खरा पळवणारा घटक पीएमडी. तो असलेली तयार उत्पादनं बराच वेळ काम करतात, पण तीन वर्षांखालच्या मुलांना ती लावू नयेत असा सल्ला दिला जातो. बाटलीतलं साधं सुगंधी तेल म्हणजे ते नव्हे, त्यात पीएमडी अगदी कमी असतं. मग इतक्या लहान मुलांसाठी तुम्ही काय वापरता? मच्छरदाणी आहेच, पण डेंग्यूचे डास दिवसा चावतात आणि ती काही दिवसभर जाळीत बसणार नाही.

लवंगेचं तेल सुचवणार असाल तर त्वचेची आग झाली का, तेही कृपया सांगा. बालरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञ कोणी असतील तर त्यांचं मत नक्की हवंय.