टॉवर कूलर लावूनही प्रोसेसर ९० अंशांवर

प्रश्न (सिडको, नाशिक): रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर, त्यावर १२० मिमीच्या एका पंख्याचा टॉवर कूलर. नुसता चालू असताना ५५, सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी) लावला की अर्ध्या मिनिटात ९०. प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट दोनदा बदलली. दुपारी खोलीत ३६ अंश असतात. काय तपासू?

उत्तर: कूलर काढून पेस्टचा ठसा बघा. एका कडेला जाड थर दिसला तर स्क्रू सारखे आवळलेले नाहीत. आळीपाळीने दोन-दोन फेरे द्या. कूलरच्या तळाची प्लास्टिक फिल्म राहिली नाही ना? हसू नका, सर्रास राहते. आणि काढताना मशीन आधी गरम करून बंद करा, कूलर हळूच पिळत सोडवा. एएम४ला (या प्रोसेसरच्या सॉकेटला) सरळ ओढला तर प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात.

उत्तर: ठसा नीट असेल तर कूलरला दोष देऊ नका. ही चिप १४२ वॅटपर्यंत खाते, बहुतेक उष्णता एवढ्याशा चिपलेटमधून (प्रोसेसरमधल्या सिलिकॉनच्या छोट्या तुकड्यातून) निघते. ९० अंश ही तिची कमाल मर्यादाच आहे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ६५ वॅटचा इको मोड लावा, पीपीटी (चिपला मिळणाऱ्या विजेची मर्यादा) ८८ वॅटवर येईल.

उत्तर: बाजूचं झाकण काढून तीच चाचणी करा. आकडा चांगला उतरला तर हवा कॅबिनेटमध्ये कोंडतेय. पंख्याचा बाण मागच्या जाळीकडे हवा. मेमधल्या आकड्यांची जानेवारीशी तुलना मात्र नको.