अनुभव धागा : 'क्रू ओन्ली' दाराच्या पलीकडे, क्रूझ जहाजाची पडद्यामागची सफर

मंडळी, क्रूझवर जाऊन आलेले लोक डेक, तरणतलाव, रोषणाई यांबद्दल भरभरून लिहितात. मला ऐकायचंय ते 'क्रू ओन्ली' (फक्त कर्मचाऱ्यांसाठी) या पाटीच्या पलीकडचं. बऱ्याच मोठ्या जहाजांवर वेगळे पैसे भरून ही सफर करता येते. प्रिन्सेस कंपनीच्या जहाजांवर तिला 'अल्टिमेट शिप टूर' म्हणतात, कार्निव्हलवर 'बिहाइंड द फन', रॉयल कॅरिबियनवर 'ऑल ॲक्सेस टूर'. ज्यांनी केलीय त्यांनी लिहा, काय लक्षात राहिलं आणि काय फुसकं निघालं. नुसतं कौतुक नको, ते माहितीपत्रकात असतंच.

सुरुवात मीच करते, गॅलीपासून. जहाजावर स्वयंपाकघराला गॅली म्हणतात. आमच्या जहाजावर तिथे कुठेही ज्योत नव्हती, सगळं विजेवर आणि वाफेवर. शेगड्यांच्या कडेने धातूच्या पट्ट्या उभ्या केलेल्या, जहाज डोललं तरी भांडं जागचं हलू नये म्हणून. पदार्थ ताटलीत मांडतात तिथे भिंतीवर प्रत्येकाचा फोटो लावलेला, आणि आचारी हातातली ताटली त्या फोटोशी ताडून बघत होता. पानाची दिशा चुकली म्हणून त्याने एक परत फिरवली! खालच्या गॅलीतून वरच्या डायनिंग हॉलला जायला वेटर मंडळींसाठी चक्क सरकते जिने होते. गोठवलेलं मांस सावकाश वितळवायला वेगळी थंड खोली, आणि प्रत्येक खोक्यावर तारीख-वेळेची चिठ्ठी. इतका काटेकोरपणा कशासाठी, असं विचारलं. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या जहाजांवर तिथल्या आरोग्य खात्याचे तपासनीस न सांगता येतात, १०० पैकी गुण देतात आणि ८५ किंवा त्याहून कमी मिळाले की नापास. निकाल जाहीरही होतो. शेफ हे सांगत असताना मागे एकजण आधीच लखलखीत असलेला नळ पुन्हा पुसत होता.

---

गॅली छानच, पण माझं मत कचराखोलीला. हसू नका. सफरीतले निम्मे लोक तिथे नाक मुरडून दारातच थांबले आणि सगळ्यात भारी गोष्ट हुकवून बसले.

लांब टेबलावर हातमोजे घातलेली माणसं प्रवाशांच्या कचऱ्याच्या पिशव्या उपसून कचरा वेगळा करत होती. काच रंगाप्रमाणे वेगळी काढून चुरतात, डबे दाबून त्यांचे ठोकळे करतात, कागद बराचसा भट्टीत जातो. एका ट्रेमध्ये उष्ट्यातून निघालेले चमचे आणि काटे होते, चांगला ढीगभर. जहाजांमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्लॅस्टिक समुद्रात कुठेही टाकता येत नाही. उरलेलं अन्न २५ मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतकं बारीक केलं, तर जहाज चालू असताना किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे सोडता येतं. न दळलेलं असेल तर १२ मैल. भूमध्य समुद्रासारख्या विशेष क्षेत्रांत दळूनसुद्धा १२ मैल. प्रत्येक वेळची नोंद एका वहीत होते, जहाज कुठे होतं, किती टाकलं, आणि खाली अधिकाऱ्याची सही. बंदरातले तपासनीस ही वही मागू शकतात. आमच्या गाइडने पान उघडून दाखवलं. रकाने इतके नीटनेटके की बँकेचं खातेपुस्तक झक मारेल.

---

ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, माझी सपशेल निराशा झाली. मोठं लाकडी चक्र वगैरे डोक्यात होतं; प्रत्यक्षात सुकाणू तळहातात मावेल एवढं, बाकी पडदे आणि कळा. आम्हाला दोरीच्या अलीकडे उभं करून दहा मिनिटांत बाहेर काढलं. त्याआधी ओळखपत्र, झडती, मोबाइल जमा. जुने प्रवासी सांगतात की पूर्वी ब्रिजवर सहज डोकावता यायचं. अमेरिकेवरच्या २००१ च्या हल्ल्यांनंतर ते आवळलं आणि जुलै २००४ पासून जहाजांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय नियमावलीच लागू झाली. कारण पटतं, पण पैसे वाजवून घेतल्यावर दहा मिनिटं?

---

वरच्यांना : ब्रिजच्या दोन्ही टोकांना बाहेर आलेले पंख असतात, तिथे नेलं नाही का? आम्हाला नेलं. पायाखाली काच, आणि काचेखाली थेट पाणी. धक्क्याला लावताना कप्तान तिथल्या पॅनेलवरून जहाज हाकतो, म्हणजे कड आणि धक्का यांतलं अंतर डोळ्यांनी दिसतं. बऱ्याच नव्या जहाजांना वेगळं सुकाणूचं पातं नसतंच. तळाशी प्रोपेलरसकट ३६० अंशांत फिरणारे पॉड असतात, शिवाय नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, जहाज आडवं ढकलणारे थ्रस्टर. त्यामुळे एवढं मोठं धूड जागच्या जागी वळतं.

इंजिन कंट्रोल रूमबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो. खुद्द इंजिनांपाशी आम्हाला नेलं नाही, पडद्यांवरच समाधान. बहुतेक आधुनिक क्रूझ जहाजं डिझेल-इलेक्ट्रिक असतात. इंजिनं वीज तयार करतात आणि त्याच विजेवर प्रोपेलरच्या मोटारीही चालतात नि तुमच्या केबिनचा दिवाही. दिवे, एसी, स्वयंपाक या सगळ्याला तिथले लोक 'हॉटेल लोड' म्हणतात. जहाज बंदरात उभं असतानाही तो संपत नाही. आणि पाणी! इंजिनाची वाया जाणारी उष्णता वापरून समुद्राचं पाणी कमी दाबाखाली उकळतात, म्हणजे ते १०० अंशांच्या बऱ्याच खाली उकळतं. ती वाफ थंड केली की गोडं पाणी. जोडीला रिव्हर्स ऑस्मोसिसही असतं. मग क्षार आणि क्लोरीन घालून ते नळाला येतं. मी प्रश्न विचारत राहिलो, बायको घड्याळ बघत राहिली.

---

मी पूर्वी जहाजावर लाँड्रीत होतो, तेव्हा दाराच्या आतल्या बाजूने लिहितो. टूर येणार हे आम्हाला आधी कळायचं, इतकंच. आवराआवर करायला वेळ कुणाकडे असतो? चादरी रोलरच्या लांब यंत्रातून एका बाजूने ओल्या जातात आणि दुसऱ्या बाजूने घडी होऊन येतात, ते बघायला पाहुण्यांना फार आवडायचं. आमचं खरं लक्ष ड्रायरच्या जाळ्यांकडे. त्यात साठणारा कापसासारखा लिंट पेट घेतो, म्हणून तो ठरल्या वेळी काढायचा नि नोंद करायची.

खालून जाणारा जो लांब मुख्य कॉरिडॉर बघता, त्याला बऱ्याच जहाजांवर 'आय-९५' म्हणतात, अमेरिकेतल्या महामार्गावरून. तिथून जाताना कृपा करून एका बाजूने चाला, मागून पॅलेट येत असतं. आणि दर टूरमध्ये कुणीतरी विचारतंच की तुम्ही झोपता कधी. नियमाने २४ तासांत किमान १० तास विश्रांती. ती फार तर दोन तुकड्यांत, त्यातला एक किमान सलग ६ तासांचा. कागदावर आहे ते हे.

---

वरचं वाचून बरं वाटलं, कारण मला ती सफर जरा अवघडच गेली. क्रू मेसच्या दारात थांबून जेवणाऱ्या माणसांकडे बघणं मला नाही जमलं. एकाने मान वर करून नमस्कारासारखं काही केलं. आम्ही पंधराजण नुसते बघत होतो. गाइडने तो थांबा वगळला असता तर चाललं असतं.

---

मी फक्त थिएटरच्या मागच्या बाजूबद्दल. विंग इतकी अरुंद की दोन माणसं तिरकी झाल्याशिवाय जाऊ शकत नाहीत. पोशाख प्रवेशाच्या क्रमाने टांगलेले, चेनच्या जागी वेल्क्रो. समुद्र खवळला की उंच उड्यांचे प्रवेश गाळून तोच शो करतात, म्हणजे तालीम दोन प्रकारांनी.

आणि हो, आमच्यातही एकाने शवागाराबद्दल विचारलंच. असतं, छोटं असतं. गाइडला हा प्रश्न नवीन नव्हता.

---

गुडघे दुखणाऱ्यांसाठी : जिने उभे असतात, काही दारांना उंच उंबरठे असतात आणि मध्ये बसायला जागा मिळेलच असं नाही. पुढून बंद बूट लागतात, सँडल घातलेल्या एका बाईंना दारातून परत पाठवलं. भांडारातल्या थंड खोल्यांसाठी एखादं जाकीट ठेवा, लाँड्रीत ते काढावं लागेल. गट लहान असतो, त्यामुळे चढल्या दिवशीच नाव द्या.

---

नाव देऊनही आमची हुकली. जहाजावर पोटाच्या तक्रारी वाढल्या म्हणून गॅली बाहेरच्यांना बंद केली आणि सफरच रद्द झाली. पैसे परत मिळाले, पण त्यासाठी काउंटरवर तीनदा खेपा घालाव्या लागल्या. पुढच्या वेळी कचराखोली नक्की बघणार. ती प्रत्येक कंपनीच्या सफरीत असते का, हे कुणी सांगेल?