मदत हवी आहे: कर विभागाकडे दिलेला माझा मेल आयडी कुणीतरी आरटीआयखाली मागितलाय

घोडबंदरवाली
कलम ११ ची नोटीस आलीय, म्हणजे तुमची माहिती दुसऱ्याला द्यायची आहे, हरकत असेल तर सांगा अशी. कुणीतरी आमच्या इमारतीतल्या करदात्यांची यादी मागितलीय, मेल आयडीसकट. मला तो द्यायचा नाही. हरकत कशी लिहायची? नमुना असेल तर आजच टाका प्लीज.

वसंतविहार७१
कर कोणता? नोटीस हातात कधी पडली? आयकर असेल तर घाबरू नका. २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालात सुप्रीम कोर्टाने विवरणपत्रं वैयक्तिक माहिती ठरवली आहेत, व्यापक जनहित असल्याशिवाय देत नाहीत.

घोडबंदरवाली
घरपट्टी हो. पाकीट वॉचमनच्या टेबलावर पडून होतं, मला परवा मिळालं. मागणारा कोण आणि त्याला मेल कशाला हवेत?

तलावपाळी
सरकारी कामाला वेगळा मेल आयडी काढायचा, मी सगळ्यांना हेच सांगतो. आणि घरपट्टी वर्षाची एकदम भरा, सवलत मिळते.

कोपरीचा_कार्यकर्ता
कशाला हवेत हे विचारताच येत नाही. कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराला कारण द्यावं लागत नाही. मी थकबाकीदारांच्या याद्या मागतो, आणि अशा हरकतींच्या आडूनच बड्या धेंडांची थकबाकी झाकली जाते. त्यात नोव्हेंबर २०२५ पासून डेटा संरक्षण कायद्याने आरटीआयचं वैयक्तिक माहिती नाकारायचं कलम ८(१)(ञ) बदललंय. आधी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणात विनाकारण घुसखोरी करणारी माहितीच नाकारता यायची, आता नुसतं ‘वैयक्तिक’ म्हटलं की झालं. तुम्ही त्यातच भर घालताय.

वसंतविहार७१
त्या थकबाकी कुठे लपवतायत? कलम ८(२) अजून शाबूत आहे, जनहित मोठं असेल तर माहिती द्यावीच लागते. पण थकबाकीदार उघडा पाडायला त्याचा मेल लागतो का?

कोपरीचा_कार्यकर्ता
मेल मला नकोच असतो. पण एका रकान्यासाठी अख्खा अर्ज फेटाळतात, हे मी भोगलंय.

नौपाडा_वकील
म्हणून तर कलम १० आहे. नको तो रकाना झाकून बाकीचं द्यायचं. ताई, सरसकट हरकत घेऊ नका. सरळ लिहा: ‘मालमत्ता क्रमांक, कराची रक्कम व थकबाकी देण्यास माझी हरकत नाही. ईमेल व मोबाइल क्रमांक मी फक्त बिल व सूचना मिळण्यासाठी, गोपनीय म्हणून दिला आहे. तो उघड करण्यात कोणतेही जनहित नाही. कलम १० नुसार तो वगळावा.’ नोटीस मिळाल्यापासून १० दिवस असतात, म्हणून ते पाकीट जपून ठेवा.

तलावपाळी
माझ्याकडे तर रोज इंटिरिअरवाल्यांचे मेल येतात. ते पण आरटीआयनेच का?

नौपाडा_वकील
ते कुठूनही येतात, वेगळा धागा काढा.

घोडबंदरवाली
मला एवढंच हवं होतं, थकबाकी खुशाल द्या म्हणावं. हे मेलने पाठवलं तर चालेल? आणि तरी दिला तर?

नौपाडा_वकील
लेखी किंवा तोंडी दोन्ही चालतं, पण तुम्ही कागदच द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. द्यायचं ठरवलं तर माहिती अधिकाऱ्याला तसं तुम्हाला लेखी कळवावं लागतं. त्याविरुद्ध ३० दिवसांत पहिलं अपील, कलम १९(२).

कोपरीचा_कार्यकर्ता
थकबाकीचं वाक्य आधी लिहा. बाबू लोक पहिलीच ओळ वाचतात.