लाल गाडीने माणसांखेरीज काय काय नेलं?

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. बेडफर्डची गाडी, लाकडी बॉडी आणि काथ्याची सीटं. हा इतिहास दर वर्धापनदिनाला छापून येतो, म्हणून तो इथेच पुरे. मला दुसरंच ऐकायचंय. गावात फोन नव्हता, पोस्टमन दोन दिवसांआड यायचा, मोटरसायकल सरपंचाकडेच. तेव्हा ही गाडी माणसांबरोबर आणखी काय काय वाहत होती? प्रवास केलेल्यांनी लिहा, पण विशेष करून ज्यांनी खाकी घातली त्यांनी लिहा. खिडकीतून झाडं मागे पळाली वगैरे नको, ते आपण सगळ्यांनी शाळेच्या निबंधात लिहून झालंय.

मोरणा खोऱ्यातला, तेव्हा कराडला कॉलेजात

डबा. दुसरं काय?

खोलीवर आम्ही चौघं, चार वेगवेगळ्या गावचे. स्टोव्ह होता, पण रॉकेल पुरायचं नाही. आई पहाटे भाकऱ्या थापायची, धाकटा भाऊ डबा फाट्यावर नेऊन पहिल्या गाडीत द्यायचा. डब्यावर तांबड्या ऑइलपेंटने माझं नाव, गाव आणि "कराड". वरून जुन्या धोतराचा तुकडा, त्याची गाठ अशी मारलेली की सोडायला दात लागायचे. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला इंजिनाचं बोनेट असायचं, त्याच्या कडेला आठ-दहा डबे ओळीने बसायचे. बोनेट तापायचं आणि कराड येईपर्यंत कालवण कोमट राहायचं. ताक मात्र फाटायचं, म्हणून आईने ताक पाठवणं बंद केलं.

साडेदहाच्या सुमारास स्टँडवर आम्ही पोरं उभी. गाडी लागली की कंडक्टर आधी डबे खाली द्यायचा, मग माणसं उतरायची. यावर कुणी कुरकुर केल्याचं आठवत नाही. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत. त्यात कधी आईला चिठ्ठी, कधी धुवायचा शर्ट कोंबलेला. पैसे? कंडक्टरला द्यायला गेलो तर म्हणाला, "पास हो, मग पेढा दे." आमच्या खोलीतल्या तिघांनी दिला.

एकदा सारख्याच धोतराच्या फडक्यामुळे डब्यांची अदलाबदल झाली. माझ्या वाट्याला कुणाचा तरी मटणाचा रस्सा आला. आमच्या घरी माळ. मी तो खाल्ला की नाही, हे विचारू नये.

निवृत्त वाहक, माण-खटाव भाग

वरच्या दादांनी डबे सांगितले ते खरं. आमच्याकडे डब्यापेक्षा चिठ्ठ्या जास्त. औषधाची चिठ्ठी आणि तिच्यात गुंडाळलेली नोट. गाडी तालुक्याला पोचली की मेडिकलात जायचं, औषध घ्यायचं, संध्याकाळच्या फेरीला घरी द्यायचं. कधीकधी चिठ्ठीवरचं अक्षर मेडिकलवाल्यालाही लागायचं नाही, मग दवाखान्यात जाऊन डॉक्टरला विचारून यायचं, आणि तोवर गाडीची वेळ झालेली. हे कुठल्या नियमात बसत नव्हतं, आणि कुणी अडवलंही नाही.

आता कामाचं सांगतो, कारण नवीन पोरांना ठाऊक नाही. गळ्यात चामड्याची बॅग, हातात तिकिटांचा ट्रे. ट्रेमध्ये किमतीप्रमाणे गड्ड्या, प्रत्येक किमतीचा रंग वेगळा. तिकीट ओढायचं, पंच मारायचा, सुटे द्यायचे. आणि हे सगळं खड्ड्यातून जाताना, पाठ सीटच्या दांडीला टेकवून, दोन्ही हात मोकळे ठेवून. भाड्याचा एक टप्पा सहा किलोमीटरचा. ठरलेल्या थांब्याला प्रत्येक गड्डीचा वरचा नंबर वेबिलवर, म्हणजे फेरीच्या हिशोबाच्या कागदावर, चढवायचा. किती तिकिटं विकली ते या नंबरांच्या वजाबाकीतून कळतं. वाटेत तपासणीवाले चढले की आधी वेबिल मागायचे, मग माणसं मोजायचे. त्यामुळे बाजारादिवशी माझा एक डोळा वेबिलवर आणि एक टोपल्यांवर. म्हसवडच्या बाजाराला कोंबड्या, करडं, वांग्याची पोती, एकदा तर खाटेचे चार पाय आणि गाता, म्हणजे चौकटीचे दांडे, वेगळे बांधून. लगेज तिकीट फाडायचं म्हटलं की म्हातारी म्हणायची, "आरं, ही कोंबडी तर मांडीवर बसलीय, सीट कुठं अडवलंय?" वाद घालून उपयोग नसायचा. तिकीट फाडायचं आणि पुढं सरकायचं.

सुट्या पैशांचं दुखणं रोजचंच. नसले की तिकिटामागे आकडा लिहून त्याला गोल करायचा, उतरताना मागून घ्या म्हणायचं. माणसं विसरायची. मीही हाका मारून द्यायचो, पण धुरळ्यात कोण थांबतोय! संध्याकाळी डेपोत भरणा करताना ते दोन-चार रुपये बॅगेत जास्त निघायचे. पैसे कमी निघाले की मात्र खिशातून.

खरी मजा वस्तीच्या गाडीला. रात्री शेवटच्या गावाला मुक्काम, पहाटे तीच गाडी परत. उन्हाळ्यात टपावर झोपायचं, थंडीत आत सीटवर, आणि बॅग उशाला. गावातली चार-पाच घरं ठरलेली असायची, आळीपाळीने पिठलं-भाकरी येणार. एका गावात ड्रायव्हरला अंडी आवडतात हे पोरांनाही ठाऊक होतं. पहाटे पहिला हॉर्न उठवायला, दुसरा चूल विझवायला, तिसऱ्याला गाडी हलली. तरी कुणीतरी पळत यायचंच: "आबा आंघोळीला बसल्यात, पाच मिंटं!" आबांसाठी पाच मिनिटं थांबलं की पुढच्या फाट्यावर शाळेची पोरं खोळंबणार, म्हणून दोन मिनिटं थांबायचो. आबा ओल्या केसांनी, धोतराचा सोगा हातात धरून चढायचे आणि वर मलाच म्हणायचे, "आज लई घाई रं तुला."

रत्नागिरीचा चाकरमानी

मुंबईहून जाताना टपावर ट्रंका, पंखा, गणपतीच्या सजावटीचं सामान. येताना तांदूळ, कुळीथ, सुकट, मे महिन्यात फणस. फणस टपावर असला तरी वास खाली उतरतो. पनवेलपर्यंत सगळ्या गाडीला कळलेलं असायचं कोण गावाहून काय घेऊन निघालाय. टपावर चढणारा हमाल आणि त्याची ती मागची लोखंडी शिडी, यांच्याबद्दल कुणीतरी सविस्तर लिहा.

आगारातला यांत्रिक, रात्रपाळी

गाडी रस्त्यावर दिसते, आम्ही कुणाला दिसत नाही, म्हणून लिहितो.

रात्री गाड्या आत आल्या की आधी डिझेल, मग धुणं, मग आमच्या पुढ्यात. ड्रायव्हर कागदावर तक्रार लिहितो: "गाडी ओढत नाही", "ब्रेक उशिरा लागतो", "स्टिअरिंग डावीकडे". काहीजण लिहायचेच नाहीत, तोंडाने सांगायचे आणि जायचे. चांगला ड्रायव्हर मात्र आवाज करून दाखवायचा. "चढाला असं घर्रर्र, मग खट्." त्यावरून निम्मं काम व्हायचं.

आमच्याकडे सगळं माप केपीटीएलवर, म्हणजे दहा लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर. त्याची यादी लागायची, आणि यादीत खाली असलेला ड्रायव्हर पहिल्यांदा आमच्याकडे बघायचा, आम्ही त्याच्या पायाकडे. हवा कमी असलेलं टायर, चिकटलेला ब्रेक, की उगाच दाबलेला ॲक्सिलरेटर, हे भांडण कायमचं न मिटणारं. मी आजही म्हणेन की दहातली सहा वेळा पायच असतो.

शौकिनांसाठी एक गोष्ट: एसटीची बॉडी कुठे बांधली ते नंबरावरून ओळखता यायचं. एमएच-२० दिसलं की चिकलठाण्याची, एमएच-१४ म्हणजे दापोडीची, एमएच-४० म्हणजे नागपूरच्या हिंगण्याची. आम्ही लांबून नंबर वाचून पैजा लावायचो.

मुंबईकर, बेस्टवाली

लाल गाडी म्हणताय तर आमचीही लालच! बेस्टची बससेवा १५ जुलै १९२६ ला सुरू झाली, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. १९३७ ला डबलडेकर आली. आमच्यासाठी प्रश्न एकच: वरच्या मजल्यावरचं पुढचं सीट मिळालं की नाही. कुर्ल्याहून वांद्र्याला ३१० ने जाताना पावसाळ्यात झाडांच्या फांद्या काचेवर फटके मारायच्या आणि माझा भाऊ दर वेळी डोकं खाली घ्यायचा. वर वेगळा कंडक्टर असायचा. त्याचा पंच जिन्यातच टिकटिक करायला लागला की सगळे खिसे चाचपायचे. जुन्या डबलडेकरची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ ला झाली, माणसं हार घेऊन आली होती. नवी वातानुकूलित डबलडेकर चांगली आहे. खिडकी उघडत नाही, एवढंच.

माणसांखेरीज काय नेलं? दादरच्या फुलबाजारातून आईच्या झेंडूच्या पिशव्या. कंडक्टर म्हणायचा, "ताई, जिन्यात ठेवू नका." ताई जिन्यातच ठेवायच्या.

पुण्याहून, थोडी दुरुस्ती

चाकरमान्यांच्या वेळी रातराणी आणि निमआराम गाड्याही होत्या की! त्या हिरव्या-पांढऱ्या गाड्या १९८२ च्या दिल्लीच्या एशियाडनंतर आल्या, आणि लोकांनी त्यांना तेच नाव चिकटवलं. आमच्या घरी वडील एशियाडला "श्रीमंतांची" म्हणून लाल गाडीलाच उभे राहायचे, मग ती तासभर उशिरा का येईना. पीएमटीचं, म्हणजे पुण्याच्या शहर बसचं, नंतर कधीतरी लिहीन. २००७ ला पिंपरी-चिंचवडच्या पीसीएमटीबरोबर एकत्र करून पीएमपी झाली, तरी माझी आई आजही "पीएमटीने आले" असंच सांगते.

वाहक, अजून नोकरीत

मी तिकिटाच्या मशीनच्या जमान्यातली. ट्रे पाहिलाय, चालवला नाही. मला वेगळंच लिहायचंय. १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट झालं. त्याआधी बायका गाडीत दिसायच्या त्या नवऱ्याबरोबर, नाहीतर लग्नाला किंवा मयतीला. आता साठीच्या दोघी-तिघी मिळून तुळजापूरला निघतात, आणि गाडीत बसल्या-बसल्या अर्ध्या तिकिटाचा हिशोब मांडतात. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर फुकटच. एक आजी आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात, रुमाल चोळीत, अशी तीन कुलपं उघडून दाखवते. मी ओळखते म्हटलं तरी दाखवतेच. परवा तिच्यामागे उभा असलेला पोरगा वैतागला, तर म्हणाली, "तुझ्या वयात मी या गाडीला पैसे भरलेत, थांब जरा."

चालक, भोर–महाड, वरंधा घाट

पेपरचे गठ्ठे. पहाटेच्या गाडीत केबिनमध्ये गठ्ठे भरलेले, प्रत्येकावर गावाचं नाव. थांबायला वेळ नसायचा, फाट्याला वेग कमी करायचा आणि क्लीनरसारखा कंडक्टर दारात उभा राहून गठ्ठा भिरकवायचा. हॉटेलवाला झेलायचा. पावसात झेल सुटला तर त्या गावाने पेपर त्या दिवशी वाळत घालून वाचायचा.

पॉवर स्टिअरिंग नव्हतं. घाटात वळणाला पूर्ण अंग टाकून चाक फिरवावं लागायचं, महाडला उतरलो की खांदे भरून यायचे. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा घाटाचा कायदा, ट्रकवालेही पाळायचे. वाघजाईच्या देवळापाशी गाडी हळू केली नाही असा ड्रायव्हर मी पाहिला नाही. प्रवासी खिडकीतून नाणी टाकायचे, काही नाणी आमच्याच मडगार्डवर पडून खाली महाडपर्यंत यायची. ती परतीच्या फेरीला कंडक्टर पुन्हा देवीला टाकायचा. एकदाच एकाने त्या नाण्यांचा चहा घेतला, तर उतारावर आम्ही सगळे त्याच्याकडेच बघत होतो.