माळेगावला दोन रात्री दोन तारामती बघितल्या, आमच्या गावाला कोणती मागू?

लोहा_तालुका

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावून लिहायलोय, कारण रविवारी मला पंचांसमोर सांगायचंय आणि मन काही एका जागी बसंना.

यंदा खंडोबाच्या माळेगावच्या जत्रेत तमाशाच्या एकाच फडाचा एकच वग (तमाशातलं नाटक) मी दोनदा बघितला. वग हरिश्चंद्र-तारामतीचा. पहिल्या रात्री चुलत्यासोबत होतो. दिवसभर घोड्यांच्या बाजारात हिंडून पाय मोडले होते, तरी सुरुवातीच्या गण-गवळणीपासून वग संपेपर्यंत चुलते जागचे हलले नाहीत.

त्या रात्री थोरल्या बाईंची तारामती होती. चाळिशी कधीच ओलांडलेली बाई. स्मशानाचा प्रसंग तुम्हाला माहीतच आहे. साप चावून गेलेला रोहिदास मांडीवर, समोर डोंबाचा, म्हणजे मसणवट्याच्या राखणदाराचा, चाकर होऊन उभा खुद्द नवरा, आणि तो म्हणतो आधी कर दे, मग सरण. इथं थोरल्या बाई हरिश्चंद्राकडं बघतच नाहीत. त्या वळतात बायका बसलेल्या बाजूला आणि विचारतात, "बायांनो, एखादं धडकं फडकं हाय का गं तुमच्याजवळ?" माझ्या पुढं बसलेल्या म्हातारीनं खरंच पदर चाचपला. चुलते सत्तरीचे आहेत, ढसाढसा रडले. मीही रडलो.

दुसऱ्या रात्री एकटाच गेलो, त्याच प्रसंगासाठी. तर तारामती दुसरीच. पंचविशीची पोरगी असंल. थोरल्या बाईंचा गुडघा धरला म्हणून बदली उभी केली, असं नंतर कळलं. पहिला अर्धा तास माझं मन तिच्यात लागलंच नाही. प्रत्येक वाक्याला थोरल्या बाई आठवायच्या.

मग स्मशान आलं. हिनं आमच्याकडं एकदाही बघितलं नाही. पोराचे पाय सरळ केले, कपाळावरचे केस मागं सारले आणि समोरच्या माणसाला एवढंच म्हणाली, "एवढ्या रातीचा कर कुठून आणू, तुम्हीच सांगा." हरिश्चंद्र करणारे गडी दोन्ही रात्री तेच. आदल्या रात्री गडगडाटी बोलले होते. हिच्या त्या वाक्यावर मात्र त्यांना बोलणंच सुचंना. हातातली काठी हळूच टेकवली आणि तोंड फिरवलं. वगात कथा ठरलेली असती, बोलणं तिथल्या तिथं सुचतं, हे लहानपणापासून ऐकत आलोय. पण समोरची बाई बदलली की राजा असा बदलतो, हे पहिल्यांदा डोळ्यानं बघितलं. मी रडलो नाही. घरी येऊन झोप मात्र लागली नाही.

अडचण अशी की ती मागं ऐकू येत नव्हती. गाताना तर आवाज निम्म्या तंबूतच विरला, मागून शिट्ट्या आणि आरडाओरडा सुरू झाला. आता आमच्या गावच्या जत्रेला तोच फड सुपारीवर येणार आहे. शाळेमागचं उघडं मैदान, ना तंबू ना कनात. मॅनेजर म्हणाले, "तुम्ही म्हणाल ती तारामती उभी करू." पंच एका तोंडानं थोरली मागायलेत. मला धाकटी परत बघायचीय. गावाच्या पैशानं आपली हौस करणं बरोबर आहे का? एकाच फडाच्या अशा दोघी कुणी बघितल्यात का? कशा पारखायच्या?

ढोलकीवाला_परळी

दादा, वीस वर्षं ढोलकी वाजवतो, त्यामुळं आधी कानाचं बोलतो. आवाज विरला याचा दोष एकट्या पोरीचा नसावा. पहिल्या रात्री पेटी कोणत्या पट्टीत (सुरात) होती, दुसऱ्या रात्री कोणत्या, हे लक्षात आहे का? फडाची पट्टी मुख्य गाणारीच्या गळ्यावर बसलेली असते. समजा थोरल्या बाई काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला, गात असतील, तर ढोलकीचं शाईचं तोंड त्याच सुराला चढवलेलं, झीलकऱ्यांचे (मागून सूर धरणाऱ्यांचे) गळेही तिथंच तापलेले. बदली बाईचा गळा दोन पट्ट्या खाली असला तर दोनच रस्ते उरतात. एक तर ती ओढून वर गाते आणि शब्द पिचतात, नाही तर पेटी खाली येते आणि ढोलकी उतरवायला वेळच मिळत नाही. मग ढोलकी एका सुरात, बाई दुसऱ्या. मागच्या माणसाला कारण कळत नाही, पण कान उठतो आणि तो शिट्टी मारतो.

दोघी पारखायच्या तर गाणं बाजूला ठेवा आणि बोलणं बघा. किंवा मॅनेजरला सांगा, धाकटी उभी करणार असाल तर तिच्या पट्टीला लावलेली दुसरी ढोलकी आणा. चांगल्या फडाकडं दोन-तीन असतातच.

आणखी एक. उघड्या मैदानात रात्री दव पडतं. हलगीचं कातडं सैल पडलं की आवाज मरतो, घडीघडी शेकावी लागते. स्टेजमागं शेकोटीला जागा ठेवा. आणि हळू बोलणारी बाई असेल तर वर टांगलेले माइक खाली घ्या. थोरल्या बाईंच्या आवाजाच्या हिशेबानं ते उंच बांधलेले असणार.

जत्रेतला_माणूस

मी पंचांच्या बाजूचा. गाव वर्षातून एकदा तमाशा बघतं. तुम्ही दोनदा बघितला म्हणून तुम्हाला धाकटीतलं बारीक काम दिसलं. पहिल्यांदाच बघणाऱ्याला पदर चाचपायला लावणारी बाई पाहिजे. उघड्या मैदानात हजार माणूस धरून ठेवणं ही सुद्धा कलाच आहे, आणि ती पंचविशीत येत नाही. थोरलीच मागा.

लातूरची_लेक

मला या बोलण्यात एक गोष्ट खटकली. बाईंचा गुडघा धरलाय आणि आपण त्यांनाच उभं करा म्हणून सुपारी द्यायची? फड दसऱ्याला बाहेर पडतो तो वैशाखापर्यंत फिरतो. पायात किलोकिलोचे चाळ, रोज नवं गाव, झोप ट्रकात.

तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट आपण सगळे अभिमानानं सांगतो. नऊ महिने भरलेले असताना उभ्या राहिल्या, खेळ चालू असताना मागं जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि परत नाचायला निघाल्या. शेवटी लोकांनीच हात जोडून त्यांना थांबवलं म्हणतात. माझी आई ही गोष्ट सांगताना रडायची. मी मोठी झाल्यावर मला वाटायला लागलं, की त्या रात्री त्यांच्या जागी उभं राहायला कुणी तयार असतं तर किती बरं झालं असतं. बदलीची बाई तयार असणं ही फडाची श्रीमंती आहे. तिला शिट्ट्या मारून पळवलं तर उद्या कोण तयार होणार?

आणि दादा, तुमच्या धाकटीबद्दल. थोरल्या बाई बायकांकडं वळतात हे फार सुंदर आहे. पण जिचं लेकरू मांडीवर आहे तिला आजूबाजूला माणसं आहेत हेच कळत नसतं. मी हे घरात बघितलंय, जास्त लिहीत नाही. धाकटीनं केस मागं सारले ना, ते खरं आहे. ते तिला कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही.

लोहा_तालुका

सगळ्यांचे उपकार. ताई, तुमचं लिहिणं चुलत्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "पोरीलाच घ्या. मी पुढं बसतो, मला ऐकू येईल." जत्रेतल्या भावाचंही पटलं होतं, म्हणून बायकांची आणि म्हाताऱ्यांची बसायची जागा यंदा अगदी स्टेजला लागून ठेवायची, तरण्या पोरांनी मागं, असं पंचांपुढं मांडलं. दोन तास वाद झाला. सरपंच अजून नाराज आहेत.

मॅनेजरला फोन केला, पट्टीचं विचारलं. ते आधी चपापले, मग म्हणाले, "बरोबर ओळखलंत. त्या रात्री ढोलकी उतरवायला सवडच मिळाली नाही." थोरल्या बाईंनी निरोप दिलाय की गणाला त्या येतील, वगात मात्र पेटीशेजारी खुर्चीवर बसून झील धरतील.

परळीच्या दादा, धाकटीची पट्टी खरंच खालची निघाली. ढोलकी वेगळी आणायलेत. शेकोटीला तुरीच्या तुराट्या आजच टाकून ठेवल्यात.