पाळक म्हणजे मंडळीचा बाप?

तापीकाठ: काल इथे एकाने चर्चच्या पाळकांबद्दल, म्हणजे पास्टरांबद्दल, लिहिलं, "पाळक मंडळीचा बाप, घरचं भांडण बापानेच मिटवायचं." वाचून राहवलं नाही. भुसावळकडच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दोन पंचांचा (चर्चचा कारभार बघणाऱ्यांचा) सात वर्षं अबोला. निरोप पाळक पोचवायचे. बीपी वाढलं पाळकांचं, बदलीही त्यांचीच झाली. नवे आले, दुसऱ्या महिन्यात तेच सुरू. कुटुंबांवर काम केलेला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन याला त्रिकोण म्हणतो: दोघांतला ताण तिसऱ्याच्या अंगावर टाकला की दोघांना हलकं वाटतं. एडविन फ्रिडमन स्वतः रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, त्याने १९८५ मध्ये हेच चर्च-सिनेगॉगला लावून दाखवलं. आणि लूक १२ वाचा. "माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा" म्हणणाऱ्याला येशूने साफ नाही म्हटलं. 'बहिणीला मला मदत करायला सांगा' म्हणणाऱ्या मार्थाचाही निरोप्या तो झाला नाही.

नवापूरचा: सोयीची वचनं काढू नका. मत्तय १८ मध्ये आधी एकांतात जा, खरंय. पण ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घे, हेही तिथेच आहे. आणि बोवेनचं 'स्व'चं वेगळेपण, म्हणजे दुसऱ्याच्या दबावात न वाहता आपल्या मताने उभं राहणं, अमेरिकेत ठीक. आमच्याकडे सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. माझ्या बापाचा नि काकाचा बांधावरून अबोला होता, तो पाळकांनीच सोडवला. दोघांना शेतात उभं करून प्रार्थना केली.

तापीकाठ: समोरासमोर उभं केलं ना? मग ते निरोप्या नव्हतेच, हेच तर म्हणतोय मी! वेगळेपण म्हणजे नातं तोडणं नव्हे. तोडून बसलेल्यालाही बोवेन गुंतलेलाच धरतो.

पाळकाची मुलगी: दोघंही पाळकाचंच बोलताय. निरोप यायचे कुठे? आमच्या स्वयंपाकघरात, आईकडे. "साहेबांच्या कानावर घाला." संडेस्कूल तिचं, महिला मंडळ तिचं, पगार नाही, पंचांत जागा नाही. मी दहावीत असताना एका बाईने माझ्या ड्रेसवरून आईला रडवलं. खरा राग बाबांनी तिच्या मुलाचं लग्न लावलं नाही त्याचा होता.

यार्डवाला: ताई, पाळकबाईंना मानही मिळतो.

पाळकाची मुलगी: मान? बाबा गेले आणि पंधरा दिवसांत घर रिकामं करायला सांगितलं. आईने सामान कुठे ठेवलं, विचारायला तुमच्यातलं कोणी आलं नाही.

नवापूरचा: ताई, पाळकबाईंच्या कानावर मीही घातलंय. चुकलं. पंचांशी काही असेल तर आता त्यांच्याच दारी जाईन. पण सुनेचा मुद्दा मी सोडत नाही.

तापीकाठ: सोडू नका. तिला बोलायचीच चोरी असेल तर मधे कोणी लागणारच, एवढं मान्य. पण आमचे दोन पंच, दोघं रिटायर्ड रेल्वेवाले, दर रविवारी एकाच बाकावर बसतात. त्यांना कोणी अडवलंय?