फॉस्फरस-३२ चं पाणी सिंकमध्ये सोडावं का?

गोदाकाठ: आमच्या विभागात (मराठवाड्यातलंच विद्यापीठ, नाव नको) फॉस्फरस-३२ (प्रयोगात वापरतात तो किरणोत्सारी फॉस्फरस) वापरलेलं धुण्याचं पाणी कॅनमध्ये साठतंय. याचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ, १४.३ दिवस. दहा अर्धायुष्यं, म्हणजे १४३ दिवस कपाटात कुलूपबंद ठेवलं की किरणोत्सार हजाराव्या भागावर येतो. मग मोजायचं, परवान्याच्या मर्यादेत बसलं की सोडायचं, वहीत लिहायचं. किरणोत्सारी कचऱ्याच्या १९८७ च्या नियमांप्रमाणे परवानगी घेऊनच चाललंय. तरी कुणीतरी दरवेळी ‘गोदावरीत विष’ म्हणून बोंब ठोकतं.

खामकाठचा: बोंब मीच ठोकली होती. हिशोब कबूल हो. पण आमच्याकडं एका कॅनवर तीन तारखा होत्या, त्यातल्या दोन खोडलेल्या. नवा पोरगा येतो, अर्ध्या कॅनमध्ये आपलं पाणी ओततो, की तुमचे १४३ दिवस पुन्हा पहिल्यापासून! पीएचडी झाली की पोरगा पुण्याला, वही कुठं तर देव जाणे. आणि वर ‘भरपूर पाणी सोडा’ म्हणतात. कुठलं पाणी? नळ आठवड्यानं येतो. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, विसरलात का?

गोदाकाठ: पाणी ओतून तीव्रता घटते, एकूण किरणोत्सार तेवढाच राहतो. म्हणून तर मी आधी दिवस मोजा म्हणतोय, पाण्याचं नंतर.

खामकाठचा: दिवस मोजणारा टिकला पाहिजे ना! दिल्लीत विद्यापीठाचं पडून असलेलं कोबाल्ट-६० चं गॅमा यंत्र २०१० मध्ये भंगारात गेलं, मायापुरीच्या भंगारबाजारात किरणोत्सारानं माणूस मेला.

गोदाकाठ: ते कुठं, हे कुठं! त्याची धुण्याच्या पाण्याशी बरोबरी नको.

पिपेटवाली: मी लॅब सांभाळते, म्हणून बोलते. तुम्ही दोघं फॉस्फरसवरच अडकलात. लॅबमध्ये ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) आणि कार्बन-१४ (किरणोत्सारी कार्बन) पण असतात; ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, कार्बन-१४ चं ५,७३० वर्षं. ते कॅन कोणता पणतू उघडणार? त्यातून ट्रिटियमचे बीटा किरण इतके दुबळे की किरणोत्सार मोजणारा साधा गायगर काउंटर गप्पच बसतो. ‘काही वाजलं नाही, मॅडम’ म्हणत एकानं बाटली सिंकवर तिरकी धरलेली मी पाहिलीय. बाटलीत सिंटिलेशनचं (किरणोत्सार प्रकाशात बदलून मोजायचं) द्रावण, म्हणजे त्यात टोल्यूइन हे विषारी, ज्वलनशील रसायन. किरणोत्सार सोडा, नुसतं टोल्यूइन म्हणूनसुद्धा ते सिंकमध्ये चालत नाही.

गोदाकाठ: हे मान्य. ट्रिटियम, कार्बन वेगळे ठेवून सेफ्टी ऑफिसरमार्फत अधिकृत ठिकाणी पाठवावेत. फॉस्फरसचा कॅन भरला की सील, त्यात पुन्हा थेंब नाही.

खामकाठचा: चालेल. कपाटाची किल्ली कुणाकडं राहणार?

गोदाकाठ: सध्या शिपायाकडं आहे.

खामकाठचा: घ्या!